बर्फाचं वर्ष

चहाच्या मशीनखाली कप धरून सुजय उभा होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मोकळ्या हाताने त्याने तो काढला. शमिकाचा मेसेज होता. ‘माझा नंबर लागला!!! तुझा मेल आला का?’ कप भरला, चहा काठावरून ओघळून त्याच्या बोटांवर आला, चटका बसला, तरी हात काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही. मागे उभा असलेला आशिष म्हणाला, “भिया, नहा लोगे क्या चाय से?” तेव्हा त्याने कप खाली ठेवला, बोटं पँटला पुसली आणि मेल उघडला. एक मेल बँकेचा होता, एक कुठल्याशा चपलांच्या सेलचा. ऑस्ट्रेलियाचा नव्हता. त्याने बोटाने पडदा खाली ओढून पुन्हा पाहिलं. चपलाच होत्या.

अर्ज दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून भरले होते. वर्षभर तिकडे हिंडायचं आणि हिंडता हिंडता पोटापुरतं काम करायचं, असा व्हिसा हल्ली इथल्या तरुणांनाही मिळू लागला आहे. इथून मागणारे इतके, की चिठ्ठ्या काढतात. नवरा-बायको असा हिशेब तिथे नाही, ज्याचा तो. सुजयला श्रावणात एकतीस पुरी होणार होती आणि एकतीस पुरी झाली की दार बंद, म्हणजे त्याच्यासाठी ही पहिली आणि शेवटची चिठ्ठी. बेत सगळा त्याचाच होता. जूनमध्ये, म्हणजे इथे उकाड्याने जीव नकोसा होतो तेव्हा, तिकडे हिवाळा सुरू होतो. तेव्हा तिकडच्या डोंगरातल्या एखाद्या हॉटेलात भांडी घासायची, खोल्या झाडायच्या, नाहीतर लिफ्टच्या खुर्च्यांवर माणसं बसवायची, आणि सुटीच्या दिवशी पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली यायचं. पुढच्या उन्हाळ्यात फळबागेत काम. मग परत इंदूर. या एका वर्षाला तो ‘बर्फाचं वर्ष’ म्हणायचा, आणि लग्नाआधी, शमिकाला दुसऱ्यांदा भेटला तेव्हाच त्याने ते तिला सांगून टाकलं होतं, दुसरे मुलगे पगार सांगतात तसं.

जिन्यात कोणी नव्हतं म्हणून तो जिन्यात गेला. खिडकीच्या काचेतून खाली विजयनगरचा चौक दिसत होता. रंगपंचमी होऊन आठवडा झाला होता तरी चौकातल्या एका पांढऱ्या गाडीच्या टपावर गुलाबी डाग तसाच होता. सुजय त्या डागाकडे बघत राहिला आणि आत दुःख कुठे आहे ते शोधू लागला, जिभेने किडका दात शोधावा तसं. दुःख यायला हवं होतं. इतक्या वर्षांचं स्वप्न, एका न आलेल्या मेलने संपलेलं. पण छातीत जे पसरत होतं ते दुःख नव्हतं. शाळेत गणिताचे मास्तर आजारी आहेत, आज चाचणी नाही, असं मॉनिटरने येऊन सांगितलं की वर्गात जे पसरायचं, ते होतं. हायसं वाटत होतं. खांदे खाली आले होते, मान मोकळी झाली होती. हे ओळखू आलं तेव्हा तो इतका दचकला की त्याने मागे वळून पाहिलं, जिन्यात खरंच कोणी नाही ना. मग त्याने शमिकाला फोन लावला. आवाज कसा लावायचा ते ठरवेपर्यंत तिने उचललाही. “तुझा?” तिने विचारलं. तिच्यामागे शाळेतल्या मुलांचा गलका होता, मधली सुटी असावी. “नाही,” तो म्हणाला. “पण तुझा लागला ना, सही आहे. अभिनंदन.” गलका जरा मागे पडला, ती बाजूला गेली असावी. मग म्हणाली, “येईल अजून. संध्याकाळपर्यंत येत राहतात म्हणे.” आणि येऊ नये असं आपल्याला वाटतं आहे, हे त्याला त्याच क्षणी, फोन कानाशी असतानाच, स्वच्छ कळलं.

संध्याकाळपर्यंत आला नाही. अर्ज भरलेल्यांच्या ग्रुपवर लोकांनी सांगून टाकलं, आज नाही आला तो नाहीच आला. सुजय घरी निघाला, पण गाडी सरळ छत्रीबागेकडे न नेता मल्हारगंजातून घेतली. आईने सांगितलेली मेतकुटाची डाळ आणायची होती हे निमित्त. अरुंद गल्लीत लोडिंग रिक्षा अडकली होती, मागे हॉर्न वाजत होते. एका दुकानात टीव्ही लावलेला दिसला आणि त्याला ते दुसरं दुकान आठवलं, जिथून हे सगळं सुरू झालं होतं. तो तेव्हा पाचवी-सहावीत असेल. बाबा, बिजली बोर्डातले रघुवीर, हिशेबी माणूस, कूलर नेहमी थंडी सरता सरता घ्यायचे, सीझनआधी दुकानदार नरम असतो म्हणून. बाबा दुकानदाराशी भाव करत होते आणि सुजय टीव्हींच्या भिंतीसमोर उभा होता. सगळ्या टीव्हींवर एकच चित्र, आवाज बंद. एक माणूस पांढऱ्या उतारावरून घसरत आला, कड्यावरून सुटला आणि हवेत तसाच राहिला, पुढे वाकलेला, हात अंगाशी, जणू खाली जमीन आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी. त्याच्या मागे कूलर आणि बाबांचा आवाज, “देखो भाई, टंकी प्लास्टिक की है।” सुजयला पुढे कित्येकदा वाटलं होतं की आपण त्या दिवशी दोन ठिकाणी उभे राहायला शिकलो. एक पाय कूलरच्या दुकानात, एक त्या हवेत. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं एका पायावर झालं. दुसरा पाय बर्फात. कोणी रागावलं, कोणी पुढे गेलं, कोणी परदेशी जाऊन स्थायिक झालं, तरी सुजयचं काही बिघडत नसे, कारण त्याचं वर्ष यायचं होतं. तो पट्ट्यांच्या कडांबद्दल वाचायचा, बर्फाच्या जातींबद्दल वाचायचा, कुठल्या उतारावर वजन कुठल्या पायावर ते आशिषला कॅन्टीनच्या टेबलावर चमचे मांडून समजावायचा. ऑफिसात त्याला ‘बरफवाले भिया’ म्हणत आणि त्याला ते आवडायचं. आता डाळीची पुडी हातात घेऊन त्या गल्लीत उभं असताना त्याच्या मनात आलं, की मला बर्फ हवा होता, का बर्फावाचून राहिलेला माणूस व्हायचं होतं? मागच्या रिक्षावाल्याने “हटो भिया” म्हटलं आणि तो हटला.

घरी सुलोचनाबाईंनी, त्याच्या आईने, पानं मांडलेली होती. शमिका आमटीला फोडणी देत होती. तिचा चेहरा नेहमीसारखा होता, फक्त कान लाल होते. सुजयनेच सांगितलं, जास्त वाट न बघता, “त्या लॉटरीचं आलं. शमिकाचा नंबर लागला. माझा नाही.”

“अगंबाई,” आई म्हणाली. मग वाढता वाढता, मीठ संपलंय असं म्हणावं तशा आवाजात, “मग राहू द्या आता.”

बाबांनी शमिकाकडे पाहिलं, सुजयकडे पाहिलं, आणि कोशिंबिरीची वाटी पुढे ओढली. शमिकाचा हात पळीवर होता. ती म्हणाली, “हो. एकटी जाऊन काय करू?”

वाक्य पानांच्या मध्ये पडलं आणि सगळ्यांनी ते सोडून बाजूने हात घातला. सुजयच्या लक्षात आलं की आता आपण काहीतरी बोलायचं आहे. जीभ टाळ्याला लागलीही होती. पण भूक लागली होती. अशी भूक त्याला बऱ्याच महिन्यांत लागली नव्हती. त्याने आमटी पुन्हा वाढून घेतली आणि भात कालवला.

पुढचे दिवस विचित्र सुखाचे गेले. ऑफिसात त्याने फक्त आपलं सांगितलं, शमिकाचं सांगितलं नाही. आशिषने खांद्यावर हात ठेवला, “कोई नी भिया. सिस्टम ही ऐसा है। अपने जैसों का नंबर नी लगता।” मॅनेजर बाईंनी केबिनमधून बाहेर येऊन विचारपूस केली. सुजय खिन्न हसायचा. हे हसू त्याला शोभतं आहे हेही त्याला कळत होतं. स्वप्न पुरं झालं असतं तर भांडी घासावी लागली असती, पाय मोडला असता, काहीही झालं असतं. पुरं न झालेल्या स्वप्नाला ओरखडा पडत नाही. ते आता कायमचं त्याचं होतं. म्हातारपणी नातवंडांना सांगता येईल, थोडक्यात हुकलं. फक्त घरी, शमिका बाथरूममधून केस पुसत बाहेर आली किंवा वह्या तपासताना तिचं पेन थांबलं की ते सुख जरा डहुळायचं. एकदा त्याने मुद्दाम विचारलं, “तू नाराज नाहीस ना?” “कशावर?” तिने विचारलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत इतकं सरळ वाट पाहणं होतं की त्याने पंख्याचा वेग वाढवायला उठण्याचं निमित्त काढलं.

अशा वेळी त्याला औली आठवायची. तो आठवू द्यायचा नाही, तरी. लग्नाला चार महिने झाले होते, लोक गोव्याला जातात तसे ते उत्तराखंडात औलीला स्की शिकायला गेले होते. जोशीमठपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यावर तिला उलट्या होत होत्या आणि तो तिला, पिशवी धरून, वळताना वजन कसं टाकायचं ते सांगत होता. पहिले दोन दिवस सपाटीवर बरे गेले. शिकवणारे नेगी उस्ताद ओरडायचे, “घुटने मोड़ो! पैर मत देखो, सामने देखो!” तिसऱ्या दिवशी त्यांना वरच्या उतारावर नेलं. वर उभं राहिल्यावर खाली सगळं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्याला कुठे तळ दिसत नव्हता. सुजयला सगळं माहीत होतं. कडा कशी लावायची, टाचा कशा फाकवायच्या. पण गुडघ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कानात एक बारीक शिटी वाजत होती, तोंडाला लोखंडाची चव आली होती, आणि आपण हललो तर आपल्यातून काहीतरी सांडेल अशी त्याला खात्री होती. शेजारी शमिका होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पुढे पाहिलं आणि सुटली. ती उज्जैनची, शाळेच्या दिवसांत दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली. दोरीवर असताना डोक्याला विचारायचं नाही, अंगाला विचारायचं, असं ती एकदा म्हणाली होती आणि त्याने ते गमतीत घेतलं होतं. ती एक वळण घेऊन गेली, दुसरं घेतलं, तिसऱ्यावर पडली, उठली, आणि खालून इतक्या मोठ्याने हसली की ते हसणं त्या शांततेत वरपर्यंत आलं. नेगी उस्तादांनी सुजयच्या पट्ट्या सोडल्या आणि त्याला हाताला धरून पायी खाली आणलं. “बूट घट्ट होते,” त्याने तिला सांगितलं. “रक्तच अडलं पायातलं.” “हो का,” ती म्हणाली, आणि खोलीवर आल्यावर खाली बसून तिने त्याचे बूट काढले. इंदूरला परतल्यावर त्याने सगळ्यांना फोटो दाखवले. फोटो सगळे सपाटीवरचे होते. बेत आणखी जोरात सुरू झाला.

असे दिवस जात असताना एका दुपारी शमिकाचा फोन आला. ती सिमरोलजवळच्या एका शाळेत गणित शिकवायची, शाळेच्या बसने जायची यायची. बस बिघडली होती. “घ्यायला येशील का? घाई नको करू, मी थांबते.” सुजय लवकर निघाला. खंडवा रोडला ट्रकांची रांग होती, शेतांतला गहू कापून झाला होता आणि दोन्ही बाजूंना पिवळे खुंट उन्हात चमकत होते. शाळेच्या फाटकाशी ती नव्हती. चौकीदार खुर्चीतून न उठता म्हणाला, “मैडम पीछे टेकरी पे हैं।” सुजयने गाडी सावलीत लावली आणि इमारतीला वळसा घालून मागे गेला.

टेकरी म्हणजे एक बोडका उतार होता, वाळलेल्या गवताचा, मधून मधून मुरूम उघडा पडलेला. शमिका वर उभी होती. ओढणी कमरेला बांधली होती, पायात ती रोज घालते ते कापडी बूट. तो हाक मारणार होता. तेवढ्यात तिने गुडघे वाकवले. हात पुढे, कोपरं जरा बाहेर, आणि ती उताराने खाली निघाली. धावत नव्हती, चालतही नव्हती. वजन डाव्या पायावर, वळण, वजन उजव्यावर, वळण. मुरूम आला तिथे पाय घसरू दिले आणि घसरतानाच वळली, खडे खडखडत तिच्या पुढे गेले. नजर ‘सामने’ होती, पायांकडे नाही. मध्येच तोल गेला, ती हातावर पडली, उठली, तळवा झटकला आणि पुन्हा वर चढू लागली. वर जाऊन पुन्हा तेच. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रडू नव्हतं. एखादं अवघड गणित सोडवताना असतो तसा तो चेहरा होता, आणि सुजयने तो या वर्षादीड वर्षात घरात कधी पाहिला नव्हता. भिंतीच्या कोपऱ्याशी तो तसाच उभा राहिला. त्याला एकदम आठवलं की मिठाच्या आवाजात आईने जेव्हा ‘राहू द्या’ म्हटलं, तेव्हा आपण भात कालवला होता. त्याच्या बोटांना तो भात आत्ता लागला, ऊन ऊन, चिकट.

त्याने हाक मारली नाही. मागे फिरून तो फाटकाशी जाऊन गाडीवर बसला आणि तिथून फोन केला, “पोचलो.” ती आली तेव्हा ओढणी खांद्यावर होती, तळव्याला माती. दोघं निघाले. गाडीवर दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात, हे बरं असतं. पण हेल्मेटमध्ये शब्द अडकत होते. एका लिंबाखाली उसाच्या रसाचं गाडं दिसलं तशी त्याने गाडी थांबवली. घुंगरू वाजवत चरक फिरत होता. दोघं बाकावर बसले.

“मी पाहिलं तुला,” तो म्हणाला. “टेकरीवर.”

शमिकाने ग्लास खाली ठेवला. “मग?”

“शमिका, माझा नंबर नाही लागला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं.” बोलायला सुरुवात केल्यावर ते घसरतच बाहेर आलं. “खरंच बरं वाटलं. आणि औलीला माझे बूट घट्ट नव्हते.”

“मालूम आहे.”

“काय मालूम आहे?”

“बुटांचं. मीच काढले होते तुझ्या पायातून. ओढावेसुद्धा लागले नाहीत.”

चरकातून चोथा बाहेर पडत होता. रसवाल्याने तो पुन्हा दुमडून आत घातला. सुजयने विचारलं, “मग बोलली का नाहीस? इतके दिवस मी बडबडत होतो.”

“तू ते बोलताना मला आवडायचास, म्हणून. आधी तर मी नुसतं ऐकायचे. मग वर गेले, खाली आले, आणि मला ते हवंसं वाटलं. तुझ्यासाठी नाही, सुजय. मला.” ती तळव्यावरची माती नखाने काढत होती. “त्या दिवशी मी म्हटलं, एकटी जाऊन काय करू. वाटलं, तू म्हणशील, जा. तेव्हा नाही तर झोपताना म्हणशील. दुसऱ्या दिवशी म्हणशील. तू मला विचारलंस, नाराज नाहीस ना.”

सुजयने आपला ग्लास बाकावर ठेवला. मग एकदम त्याला उदार वाटलं, मोठं वाटलं. हे तर आपण आत्ताही करू शकतो. तो बाकावर सरळ बसला आणि म्हणाला, “जा तू. मी सांगतो ना, जा.”

“मी जाणारच आहे,” शमिका म्हणाली. “आज रिसेसमध्ये होकार भरून टाकला.”

त्याच्या हातातली भेट कोणी मधल्यामध्ये उचलून न्यावी तसं झालं. राग आला, खरा, कानाच्या पाळ्यांपर्यंत. “मला न विचारता?”

“विचारलं होतं.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “एकटी जाऊन काय करू, हे विचारणंच होतं. तुला, आईंना, बाबांना, सगळ्यांना विचारलं होतं. कोणी उत्तर दिलं नाही म्हणून मीच दिलं.”

एक ट्रक धुरळा उडवत गेला. रसवाला ग्लासांवर हात धरून उभा राहिला. राग कुठे टेकवावा ते सुजयला सापडेना. तो तिच्यावर टिकत नव्हता, घसरून परत त्याच्याकडेच येत होता. शेवटी तो म्हणाला, “घरी मी सांगू का?”

“मी सांगेन.”

“नाही. तू सांगितलंस तर तू सोडून चाललीस असं होईल. मी सांगतो. एवढं तरी करू दे.”

तिने मान डोलावली. त्याचा अर्धा राहिलेला रस तिने उचलून पिऊन टाकला, तहान लागली होती म्हणून.

घरी बाबा पेपर वाचत होते, आई मटार सोलत होती. सुजयने बूटही न काढता सांगितलं, “शमिका जाते आहे. मेअखेरीस. वर्षासाठी.”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “पण ती तर नाही म्हणाली होती.”

“आपण म्हणायला लावलं, आई. मी पण.”

“एकटी बाई, वर्षभर. आणि तू इथे. लोक विचारतील तर मी काय सांगू?”

“सांग की दोघं जाणार होते. एकाचा नंबर लागला. आणि लागला असता तरी सुजय घाबरला असता.” शेवटचं वाक्य त्याने हलकेच बोलायचं ठरवलं होतं, पण ते हलकं निघालं नाही. कोणी हसलं नाही. बाबांनी पेपर खाली घेतला आणि चष्म्यावरून मुलाकडे असं पाहिलं, जणू खूप दिवसांनी नीट उजेडात पाहत आहेत. मग ते शमिकाकडे वळले. “तिकडे जूनमध्ये थंडी असते, नाही का?” “हो बाबा.” “म्हणजे उलटंच सगळं.” त्यांनी पेपरची घडी घातली. “बरं आहे. आपल्याकडून कोणीतरी जातंय.” आई सोललेले मटार घेऊन आत गेली. ती चार-पाच दिवस शमिकाशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी जुन्या साडीतून उबदार दुलईसारखं काहीतरी शिवायला घेतलं आणि विचारलं, “तिकडे उशी देतात की न्यायची?”

मधले आठवडे सुजयला अवघड गेले. आपण कोण, हेच त्याला कळेनासं झालं होतं. ऑफिसात आशिषला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “भाभी जा री हैं? और आप?” आणि सुजय म्हणाला, “अपन यहीं।” चमचे मांडायचे दिवस संपले होते. रिकाम्या वेळेत हात सवयीने फोनकडे जात, कुठे किती बर्फ पडला ते बघायला, आणि अर्ध्यावर थांबत. कधी रात्री जेवणानंतर तो शमिकाला सांगायला लागे, की पहिल्या दिवशी बर्फ कडक असेल तर... आणि ती हात वर करायची. “नको सांगू ना सुजय. मला तिथे जाऊन कळू दे.” आधी हे त्याला लागायचं. मग एके दिवशी त्याने सांगायच्याऐवजी विचारलं, “दोरीवर पहिल्यांदा चढलीस तेव्हा कसं वाटलं होतं?” ती बोलायला लागली. दोरी अंगठ्यात कशी कापते, खाली कोण उभं असायचं, उलटं लटकल्यावर शाळेचं पटांगण कसं आकाशासारखं दिसायचं. खूप वेळ बोलली. तो ऐकत राहिला आणि त्याला आश्चर्य वाटत राहिलं, की हे सगळं या घरात, याच पलंगावर, आपल्या शेजारी होतं. त्याला तिचा हेवाही वाटला. तो त्याने दाबला नाही, वाटू दिला. हेवा हा निदान खरा होता.

निघायच्या दिवशी दुपारी विमानतळावर दारापर्यंतच जाता येत होतं. शमिकाच्या पाठीवर तिच्याहून रुंद बॅग होती. रांगेत शिरायच्या आधी ती थांबली. हात गार पडले होते, त्या उकाड्यात.

“सुजय, मला जमेल ना?”

इतक्या वर्षांचं वाचलेलं सगळं त्याच्या तोंडाशी आलं. त्याने ते गिळलं. “मला नाही मालूम,” तो म्हणाला. “जमलं नाही तर परत ये. जमलं तरी परत ये.”

ती हसली, मग तिचे डोळे भरले, मग मागच्या माणसाची ट्रॉली तिच्या टाचेला लागली आणि ती आत गेली. काचेच्या पलीकडे ती बराच वेळ दिसत होती, कागद दाखवताना, बॅग उतरवताना, मग दुसऱ्या माणसांच्या आड. तिने वळून पाहिलं की नाही हे त्याला नक्की सांगता आलं नसतं, कारण काचेवर बाहेरच्या गाड्या दिसत होत्या.

तो घरी आला. खोलीत न जाता सरळ गच्चीवर गेला. आई तिथे वाळवणाचे पापड उलटत होती. ऊन अजून कडक होतं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, “उडालं का?”

“आता उडेल.”

दोघं पश्चिमेकडे बघत उभे राहिले. फोनवर पाहिलं असतं तर कळलं असतं, पण त्याने फोन काढला नाही. थोड्या वेळाने घरांच्या वरून, पाण्याच्या टाक्यांच्या वरून एक विमान वर चढत आलं, आवाज मागून आला. आईने विचारलं, “हेच का?” “असेल,” तो म्हणाला. आईने हात वर केला, आधी संकोचून, मग मोठा, पिठाळलेल्या बोटांचा. सुजयनेही केला. विमान लहान होत होत उन्हात दिसेनासं झालं. आईने एक पापड उलटला. तेवढ्यात पुन्हा आवाज आला आणि त्याच वाटेने दुसरं विमान वर आलं, पहिल्यासारखंच.

“हे असेल,” सुजय म्हणाला. “आत्ता झाली तिची वेळ.”

“अरे देवा,” आई म्हणाली, आणि पुन्हा हात वर करता करता, “मग मघाच्यात कोण होतं रे?”

“कोणीतरी असेल, आई.”

“असू दे,” ती म्हणाली. “त्यांना कोणी हात करायला नसेल.”